चित्रासमोर कोणी बोलावे?

1954 सालची दोन कामे शेजारी ठेवून पाहिली की एक जुना प्रश्न नीट मांडता येतो. त्या वर्षी विजयादशमीला शिर्डीच्या समाधी मंदिरात साईबाबांची संगमरवरी मूर्ती बसवली गेली. ती घडवली मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी. आणि त्याच वर्षी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनात पोलीस आले. तालीमांच्या मूर्तीपुढे तेव्हापासून रोज रांग लागते. रांगेतल्या माणसाला शिल्पकलेवर कोणी व्याख्यान देत नाही आणि त्याला ते नकोही असते. काय पाहायचे, कसे पाहायचे हे तो घरूनच घेऊन आलेला असतो. शिल्पकाराचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. द्वारकामाई मशीद तिथून चार पावलांवर आहे. एका फकिराच्या मजारीवर मूर्ती पाहून आपल्यापैकी कोणाच्या मनात काय येते, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. प्रत्येक जण आपला अदब आपल्या जागी सांभाळतो आणि गावाचे चालते.

कलादालनात असे चालत नाही. तिथे येणाऱ्याने घरून काही आणलेले नसते, किंवा आणलेले असते ते फक्त संशय. पदमसी पॅरिसहून परतले होते. त्यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रातला स्त्री-पुरुषांचा स्पर्श अश्लील ठरवून चित्र उतरवायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. खटला झाला, कलेचे जाणकार साक्षीला आले, पदमसी सुटले. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले आणि तिथेही तेच जिंकले. या हकिकतीकडे आपण विजयाची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात दुसरेही काही दिसते. जी चर्चा चित्रासमोर, दालनात, तक्रार करणाऱ्याला शेजारी उभे करून व्हायला हवी होती, ती आरोपीच्या पिंजऱ्याजवळ झाली. कोर्ट निकाल देते. पाहायला शिकवणे हे त्याचे काम नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरची, आपल्याकडे फाळणीनंतरची चित्रकला अशी आहे की ती बोलण्याला भाग पाडते. तय्यब मेहतांनी फाळणीच्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या आपल्या घराच्या खिडकीतून एका माणसाची जमावाने केलेली हत्या पाहिली होती. त्यांच्या कोसळणाऱ्या, तुटलेल्या आकृत्यांपुढे उभे राहिल्यावर ‘हे काय आहे’ असे विचारणे अगदी रास्त आहे. म्हणून अशा प्रदर्शनांबरोबर उद्घाटनाची भाषणे, दालनातली फेरी, परिसंवाद, शाळेच्या मुलांसाठी कार्यशाळा असे कार्यक्रम ठेवतात. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची वास्तू तर मुळात बोलण्यासाठीच बांधलेली. सर कावसजी जहांगीर हॉल म्हणून 1911 पासून ती सभांची जागा होती. 1996 मध्ये तिथे चित्रे आली.

याच वास्तूत 8 फेब्रुवारी 2019 रोजी प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे प्रदर्शन सुरू झाले. बरवे 1995 मध्ये गेले. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक मराठीत आहे, म्हणजे हा चित्रकार आपल्याशी आपल्या भाषेत बोललेला. उद्घाटनाला अमोल पालेकर निमंत्रित वक्ते होते. ते स्वतः जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले. बोलता बोलता त्यांनी संग्रहालयाच्या मुंबई आणि बंगळूर इथल्या कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा आणि यापुढे कोणते प्रदर्शन भरेल हे दिल्लीतून ठरणार असल्याचा मुद्दा काढला. व्यासपीठावरून त्यांना मध्येच थांबवले गेले. सांगण्याचा आशय असा, की कार्यक्रम बरव्यांचा आहे, बरव्यांवरच बोला.

विषयाला धरून बोला, हे वाक्य आपल्याला चांगले परिचयाचे आहे. मोहल्ल्याच्या बैठकीत, जमातीच्या सभेत, अगदी साहित्य संमेलनातही ते ऐकू येते आणि ते नेहमीच अन्यायाचे असते असे नाही. महफिलीचा अदब असतो. मृत कलावंताचे आप्त आणि चाहते जमलेले असताना संस्थेचे गाऱ्हाणे काढावे का, ही शंका खोटी नाही, आणि मी ती झटकून टाकणार नाही. पण मुशायरा ज्याने ऐकला आहे त्याला हेही माहीत असते की अदब म्हणजे गप्प बसणे नव्हे. दाद मोठ्याने दिली जाते, न आवडलेला शेर पडतो, आणि शायर ते सोसतो. पालेकर जे बोलत होते ते विषयाबाहेरचे होते का, हे ठरवण्याची कसोटी मला सोपी वाटते. बोलणाऱ्याचे म्हणणे समोरच्या भिंतीशी लागू आहे का? उद्या बरव्यांसारख्या मराठी चित्रकाराला ही भिंत मिळणार की नाही, हा प्रश्न त्या भिंतीचाच होता. वेळ चुकली असे कोणी म्हणू शकेल, विषय चुकला असे म्हणता येणार नाही.

अर्थात नुसती बोलायची मुभा असली की सगळे भले होते, असेही नाही. म्युनिकमध्ये 1937 साली नाझींनी आधुनिक कलेचे एक प्रदर्शन भरवले होते. चित्रे दाटीवाटीने टांगलेली आणि भिंतींवर त्यांची टवाळी करणारी वाक्ये. वीस लाखांहून अधिक माणसे ते पाहून गेली. तिथे चित्रासोबत बोलणे भरपूर होते, पण ते पाहणाऱ्याचे डोळे बंद करण्यासाठी. त्याच वर्षी जवळच नाझींनी आपल्या पसंतीच्या कलेसाठी ‘हाउस देर कुन्स्ट’ची वास्तू उघडली. त्याच वास्तूत 2016 मध्ये ओक्वी एन्वेझोर या नायजेरियात जन्मलेल्या अभ्यासकाच्या पुढाकाराने 1945 ते 1965 या काळातल्या जगभरच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले. भिंती त्याच होत्या, बोलणारे बदलले होते.

आता आपल्याकडे येऊ. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यावर जेव्हा गल्लीबोळातून फिर्यादी झाल्या तेव्हा फिर्याद करणाऱ्यांपैकी कितींनी मूळ चित्र पाहिले होते, असे आपण विचारले, आणि बरोबर विचारले. दिल्ली हायकोर्टाने मे 2008 मध्ये हुसेन यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी त्याच वर्षी दिल्लीच्या मोठ्या कलामेळ्यात त्यांचे एकही चित्र लावले गेले नाही. 2010 मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले, 2011 मध्ये लंडनला ते गेले. हे सारे सांगताना आपण 2004 साल मात्र गाळतो. त्या वर्षी त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटातल्या ‘नूर-उन-अला-नूर’ या कव्वालीवर, कुरआनातले शब्द वापरले म्हणून, उलेमांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. आक्षेप घेण्याचा हक्क होताच. कलाम-ए-पाकची भावना हलकी नाही. पण ती कव्वाली सोबत बसून ऐकण्याची, अल्लाहच्या नूराचे शब्द माशुकाच्या वर्णनात यावेत की नाही यावर सूफी परंपरेला स्मरून बोलण्याची एक बैठक आपल्यापैकी कोणी भरवली का? तिथे आपणही न पाहता निकाल देणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो. त्या माणसाला दोन्हीकडून एकच वागणूक मिळाली, हे कबूल करायला जड जाते.

तसवीर जायज की नाजायज, हा वाद आपल्या घरांत आहे आणि तो खरा आहे. हजच्या अर्जाला फोटो चिकटवून तो मिटत नाही. एखादी आजी भिंतीवर माणसाचे चित्र लावू देत नाही, तिच्या नकाराला शतकांची विचारपरंपरा आहे. रझांनी आकृती सोडून बिंदूची वाट का धरली असेल, हे त्या आजीशी बोलताना कदाचित कलादालनातल्या तज्ज्ञापेक्षा जास्त कळेल. माझी तक्रार तिच्या नकाराबद्दल नाही. ती दालनात आली तर तिच्याशी बोलणारे तिथे कोणी नाही, याबद्दल आहे. तिथली फेरी बहुधा इंग्रजीत असते, परिसंवाद आधीच सगळे ठाऊक असलेल्यांमध्ये होतो, प्रश्नांना शेवटची पाच मिनिटे उरतात.

राहाता तालुक्यातून शाळेची सहल मुंबईला जाते तेव्हा म्युझियम पाहून मुले समोरच्या त्या घुमटाच्या इमारतीवरून पुढे समुद्राकडे जातात. त्यातल्या एखाद्या सलमाला शिक्षकांनी आत नेले, आणि तिने मेहतांच्या चित्रापुढे उभे राहून विचारले की सर, आमच्याकडे तर हे गुनाह म्हणतात, मग यांनी का काढले, तर तिला विषयाला धरून बोल असे सांगायचे का?