प्रारब्ध आणि फिर्याद

नवव्या वर्षी लग्न होऊन पंधराव्या वर्षी वैधव्य आलेल्या मुलीस आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिले, की हे तुझे प्रारब्ध. आणि हे उत्तर देणारी माणसे निर्दय होती असे म्हणवत नाही, कारण प्रत्येक जीव आपल्या कर्माचे फळ एकट्यानेच भोगतो, ही त्यांची प्रामाणिक निष्ठा होती. ज्या दिवशी स्त्रिया उंबरठा ओलांडून एकमेकींस भेटल्या, त्या दिवशी या निष्ठेचे काय झाले, हा मला विचारार्ह प्रश्न वाटतो.

1927 च्या जानेवारीत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मार्गारेट कझिन्स यांनी प्रांतोप्रांतींच्या स्त्रियांस पत्रे धाडली, ठिकठिकाणी आधी स्थानिक सभा झाल्या, त्या सभांनी प्रतिनिधी निवडून पाठविल्या, आणि अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड बसल्या. नेमलेला विषय केवळ शिक्षणाचा होता. परंतु मुली शाळेतून का गळतात याचा शोध घेऊ जाता तो लग्नाच्या वयापाशी येऊन ठेपला, आणि बालविवाहाचा निषेध त्याच अधिवेशनात झाला. निरनिराळ्या प्रांतांतून, निरनिराळ्या धर्मांच्या घरांतून आलेल्या स्त्रियांची गाऱ्हाणी जर इतकी सारखी निघतात, तर ज्यास आपण एकेकीचे दैव म्हणत आलो ती वस्तुतः सर्वांनी मिळून चालविलेली वहिवाट आहे, हे उघड होते. आणि हे ज्ञान घरात एकटीने कितीही ग्रंथ वाचून होण्याजोगे नव्हते. कर्मसिद्धांत टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. स्वतःच्या दुःखात धीर धरण्यास तो ज्यास उपयोगी पडतो त्याने तो खुशाल धरावा. मात्र दुसऱ्याच्या दुःखाचा निकाल त्या सिद्धांताने लावण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि गीतेतील लोकसंग्रह, म्हणजे सर्वांचे हित सांभाळणे, हा शब्द मला या अर्थीच मोलाचा वाटतो.

1929 साली शारदा कायदा मंजूर झाला. महिला परिषदेने त्यासाठी नेटाने खटपट केली होती. मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरले, ते सर्व धर्मीयांस लागू झाले. परंतु झालेले लग्न रद्द होत नसे, फिर्याद वर्षाच्या आत करावी लागे, आणि फिर्याद करणाऱ्याकडूनच जामीन घेण्याची तजवीज त्या कायद्यात होती. खेड्यातील कोणती एकटी बाई, भावकीचा रोष पत्करून, जामीन भरून, जिल्ह्याच्या कचेरीची पायरी चढणार? तिच्यामागे मंडळ हवे, त्या मंडळामागे शहरातील दुसरे मंडळ हवे, आणि त्यांच्यात एखादी कायदा जाणणारी हवी.

आता ते वय 18 आहे. तरीही शेजारच्या घरी त्याहून लहान मुलीचे लग्न ठरल्याचे कानी आले, तर कृपा करून त्या मुलीचे प्रारब्ध म्हणून दार लावून घेऊ नका. गावातील चार बायांना बोलवा आणि त्यांच्यासह पोलीस ठाण्यात जा.