ओल्या लाकडाचा दोष

मुलाचा प्रांत, जात किंवा धर्म पाहून त्याच्याबद्दल आधीच मत बांधू नये, हे आपण नेहमी नीतीच्या भाषेत सांगतो. शिक्षकाचं मन मोठं हवं, त्यानं दुजाभाव करू नये, वगैरे. यात खोटं काही नाही, पण एक पळवाट आहे. आपलं मन मोठं आहे अशी ज्याची खात्री असते, तो या आरोपातून स्वतःला आधीच मोकळा करून घेतो. म्हणून हा प्रश्न नीतीकडून काढून घेऊन थोडा वेळ तर्काकडे द्यावा, असं मला वाटतं. मुलावर शिक्का मारणं म्हणजे आधी चुकीचं अनुमान करणं होय. अन्याय त्या चुकीच्या पाठोपाठ येतो. आणि अनुमान नेमकं कुठे घसरतं, याची आपल्या परंपरेतली सर्वांत बारीक चिकित्सा न्यायशास्त्रात सापडते.

नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. मात्र अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चाकण परिसरातल्या फोर्जिंगच्या कारखान्यांत हे रोज दिसतं. मग अग्नीबरोबर धूर इतक्या वेळा का दिसतो? कारण लाकूड ओलं असतं. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. ‘इतकी वर्षं शिकवतोय, ही मुलं अशीच असतात’ हा शिक्षकांच्या खोलीतला हुकमी युक्तिवाद. त्याला उत्तरही याच शास्त्रात आहे. दोन गोष्टी पुन्हापुन्हा एकत्र दिसल्या एवढ्यावरून त्यांचा अतूट संबंध ठरत नाही; आधी उपाधी शोधावी लागते. भूयोदर्शनाच्या, म्हणजे वारंवार एकत्र पाहण्याच्या, या मर्यादेचा कसून विचार करणारा ‘तत्त्वचिंतामणी’ लिहिणारे गंगेश उपाध्याय मिथिलेचे, म्हणजे आजच्या बिहारच्या बाजूचे. (म्हणून बिहारी मुलं तर्कात हुशार, असं कुणी म्हणेल तर तीही तीच चूक.)

आता हे पिंपरी-चिंचवडला लावून पाहू. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेलं शहर 2011 मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेलं. पुढे वाहन कारखान्यांबरोबर हा पट्टा चाकणकडे सरकला आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या बाजूला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तसंच मराठवाडा-विदर्भातली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. या मुलांबद्दल ठरलेली वाक्यं असतात: परप्रांतीयांना मराठी जमत नाही, मराठवाड्यातल्यांचा पाया कच्चाच. समजा, ओडिशातून आलेली अकरा वर्षांची मुलगी पाचवीत आहे आणि तिला मराठी वाचता येत नाही. ओडिशा आणि न वाचणं शेजारीशेजारी दिसलं, की निष्कर्ष तयार. ओलं लाकूड मात्र वेगळंच असतं. वडिलांचं काम कंत्राटी, कंत्राट संपलं की खोली बदलते, खोलीबरोबर शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम वयाप्रमाणे वर्गात प्रवेश देतं आणि मागे राहिलेल्या मुलाला बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही देतं. यातला पहिला भाग एका दिवसात, एका सहीनं पुरा होतो. दुसऱ्याला वेळ आणि माणूस लागतो. तो राहून गेला, की कायद्याच्या अर्ध्या अंमलबजावणीचं खापर मुलीच्या प्रांतावर फुटतं.

शिक्का नुसता शिक्षकाच्या डोक्यात राहत नाही, तो मुलाच्या हातात उतरतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. म्हणजे अनुमान खोटं असतं, आणि उच्चारल्यावर स्वतःला खरं करून घेतं. न्यायशास्त्रातल्या डोंगराला आपल्याबद्दल कोण काय म्हणतंय ते ऐकू येत नाही. मुलाला येतं.

यावर सर्वांत सज्जन आक्षेप असा: मग भेद पाहूच नयेत, सगळी मुलं सारखीच मानावीत. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी असलेल्या या पट्ट्यात हा आक्षेप सहज सुचतो आणि भारदस्तही वाटतो. पण समतेच्या उच्चारानं समता येत नाही, याचा पुरावा वारकरी परंपरेच्या इतिहासातच आहे. चोखोबांना संत मानूनही त्यांच्या समाजासाठी पंढरपूरचं मंदिर शतकानुशतकं बंद राहिलं. ते उघडण्यासाठी 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सगळे सारखे म्हणणाऱ्यांना बंद दार दिसेनासं होतं. वर्गातही तसंच. हिंदी बोलणारा मुलगा ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतो, कारण प्रमाण हिंदीत ळ नाही. ओडिआत ळ आहे, त्यामुळे ओडिशाची मुलगी तिथे अडत नाही. पण ओडिआत व्याकरणातलं लिंगच नाही, म्हणून ‘ते झाड’ आणि ‘ती फांदी’ यांत ती अडखळते. सगळी सारखी मानणारा शिक्षक दोघांना एकच लाल रेघ मारतो, आणि ‘परप्रांतीय’ म्हणणाराही तेच करतो. दोघांनीही मूल पाहिलेलं नसतं. न्यायाशी जोडलेल्या वैशेषिक दर्शनानं ‘सामान्य’ (अनेकांत समान असलेलं) मानलं तसं ‘विशेष’ (एकेकाचं वेगळेपण) हेही स्वतंत्र पदार्थ, म्हणजे तत्त्व, म्हणून मानलं. शिक्षकाला दोन्ही लागतात.

संस्कृतीचा सन्मान म्हणून होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या नातवंडांचा जन्म इथलाच. त्यातल्या एखाद्या मुलीला स्नेहसंमेलनात ‘तुमच्याकडचं’ काहीतरी करायला सांगणं हाही शिक्काच, फक्त तो फुलांच्या हारातून येतो.

मग कुणी विचारेल, ‘मराठीचा आग्रह सोडायचा का?’ मुळीच नाही. सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा 2020 चा कायदा मला योग्य वाटतो. मराठी शिकायलाच हवी, असं सांगणं म्हणजे ती तुला येईल असा विश्वास दाखवणं. शिक्का नेमका उलट बोलतो: हिला येणार नाही, तेव्हा सोडून द्या. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली, तेव्हा प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हे त्यांच्या मनात होतं. मराठीवरचं त्यांचं प्रेम त्यानं तसूभरही कमी झालं नव्हतं.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे तीस मुलं हे कायद्याचं प्रमाण. प्रत्यक्षात वर्ग भरलेला, त्यात जनगणना आणि निवडणुकीची कामं. इतक्या मुलांची उपाधी कुणी शोधायची? अनुमानाशिवाय शिकवता येत नाही, हेही मान्य. परगावचं मूल मराठीत अडखळेल असा अंदाज करून पहिला आठवडा सुरू करायला हरकत नाही. हरकत आहे ती तो अंदाज दिवाळीनंतरही तसाच ठेवायला. आणि सुरुवात करायला नवी योजना लागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात आणि धर्माबरोबर मातृभाषेचाही रकाना आहे. जनगणनेत भोजपुरी आणि मगही हिंदीखालीच मोजल्या जातात, आणि शाळेतही उत्तरेकडून आलेल्या मुलापुढे ‘हिंदी’ लिहून मोकळं होणं सोपं असतं. येत्या जूनमध्ये प्रवेश देताना त्या रकान्यात लिहिण्याआधी मुलाच्या आईला एवढंच विचारावं: ताई, घरी तुम्ही काय बोलता, आणि याआधी हा किती शाळांत होता?