अनोळखी दारची मैत्री



वाटसरूला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "कुठले पाव्हणे?" प्रश्न साधा आहे. त्याच्यामागून पाण्याचा तांब्या येतो, गुळाचा खडा येतो, बसायला घोंगडी येते. परंतु आपल्या माणसाला हा प्रश्न ऐकताच धस्स होते. त्याला ठाऊक असते की यापुढचा प्रश्न आडनावाचा आहे. या दोन प्रश्नांच्या मध्ये एका श्वासाइतके अंतर असते, आणि त्या एका श्वासात आपल्या कित्येक पिढ्यांनी खोटी नावे सांगितली आहेत. आज मी आपणाशी त्या श्वासाविषयी बोलणार आहे. त्यासाठी मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

1981 साल. बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या धम्मदीक्षेला 25 वर्षे पूर्ण होत होती. आम्ही वसमतहून नऊ जण सायकलींनी दीक्षाभूमीकडे निघालो. माणसे नऊ आणि सायकली सात. एस. टी.चे भाडे जमले नसते असे नाही. परंतु 1956 साली आपली वडीलधारी माणसे पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने, भाकरी बांधून नागपूरला गेली होती. आपण निदान पायडल तरी मारावे, अशी हौस होती. हँडलला निळे झेंडे लावले होते. औंढा, हिंगोली, कनेरगाव, वाशीम, कारंजा, अमरावती असा मार्ग ठरला होता. वाटेत अनोळखी माणसांनी पुष्कळ केले. एकाने विहिरीवरची मोट थांबवून आम्हाला पाणी दिले, एका ट्रकवाल्याने दोन दमलेल्या पोरांना सायकलींसह पाच कोस नेऊन सोडले. त्यांची नावे आम्ही विचारली नाहीत, त्यांनीही आमची विचारली नाहीत.

संध्याकाळी कनेरगाव नाक्यावर आलो. आपल्यापैकी अनेकांना हे गाव ठाऊक असेल. पैनगंगेच्या अलीकडे पूर्वी निजामाचा मुलूख होता, पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड. सीमेवरचे ठिकाण, नावातच नाका. त्या वेळी ते परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. आता तेथून अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग जातो; तेव्हा रस्ता अरुंद होता. परतीच्या पावसाने पैनगंगा फुगली होती, पुलावरून पाणी चालले होते, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. त्यातच आमच्यातल्या एकाच्या मागच्या चाकाचे स्पोक तुटून रिम वाकडी झाली. डबलसीटचा भार, दुसरे काय होणार?

नाक्यावर एक सायकलवाला होता. दुकान बंद करीत होता, ते त्याने पुन्हा उघडले. कंदिलाच्या उजेडात तासभर बसून त्याने चाकाचा औट काढला, आणि पैसे घेतले ते फक्त स्पोकांचे. त्याच्या दुकानामागे एका म्हातारीचे घर होते. आम्ही नऊ जण पावसात कुडकुडत उभे पाहून ती ओसरीवर आली आणि म्हणाली, "कुठले पाव्हणे? कुनीकडं निघालात?"

धम्मबंधूंनो, तिने एवढेच विचारले. दुसरा प्रश्न तिच्या तोंडातून आला नाही. तो यायच्या आधीच मी उत्तर देऊन टाकले. मी म्हणालो, "वसमतचे, माय. शेगावला निघालो, महाराजांच्या दर्शनाला." आणि कोणी न विचारता एक आडनावही सांगून टाकले, जे आमच्या नऊ जणांपैकी कोणाचेच नव्हते. निळे झेंडे तर मी नाक्याच्या अलीकडेच गुंडाळून पिशवीत घातले होते.

का सांगितले मी असे? ज्यांनी मराठवाड्यातले ते दिवस पाहिले आहेत त्यांना हे विचारावे लागणार नाही. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावागावांत आपल्या माणसांची घरे पेटली. नाव मिळायला पुढे 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. आम्ही निघालो तेव्हा त्या राखेला तीन वर्षे झाली होती. आगीतून निघालेला माणूस धूर पाहून दचकला तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. लाज वाटायची तर ती आग लावणाऱ्याला वाटावी. जिथे खरोखरच जिवावर बेतते तिथे खरे नाव सांगून मरा, असे तथागतांचा धम्म कोणालाही सांगत नाही. परंतु त्या ओसरीवर जिवावर काय बेतले होते? काही नाही.

म्हातारीने भाकरी थापल्या. नऊ तरण्या पोरांना किती भाकरी लागतात ते आपल्या घरच्या माउलींना विचारा. पिठले केले, कांदा फोडला, आणि अंथरायला वाकळा दिल्या. आमच्यात सर्वांत लहान होता तो दहावीतला एक मुलगा. तो जेवताना खाली मान घालून होता.

सकाळी पूर ओसरला. आम्ही निघालो तेव्हा म्हातारीने पदराची गाठ सोडली, दोन रुपयांची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "महाराजाच्या पायाशी माह्या नावानं नारळ फोडा, बाप्पा," असे म्हणाली.

नोट खिशात घालून मी पुलावर आलो. पलीकडे आल्यावर त्या लहान मुलाने सायकल थांबवली आणि विचारले, "दादा, हे पैसे आता कोणाचे?" वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, वाशीमच्या बालाजीला नारळ फोडून टाकू, हिशेब मिटला. दुसरा म्हणाला, आपण 22 प्रतिज्ञा घेतल्या आहेत, नारळ कसा फोडणार? तिसऱ्याने त्याला गप्प केले : खोटे न बोलण्याची प्रतिज्ञाही त्याच 22 मध्ये आहे, ती रात्री कुठे गेली होती? तेव्हा तो मुलगा बोलला ते मला आजही जसेच्या तसे आठवते. तो म्हणाला, "तिने शेगावला जाणाऱ्या पोरांना जेवू घातले. आपल्याला नाही. आपण रात्री उपाशीच झोपलो."

आम्ही दोघे परत फिरलो.

पुढचे सांगण्याआधी मी आपणाला दुसऱ्या एका नाक्यावर नेतो. 1901 साल. साताऱ्याहून आपल्या वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत नऊ वर्षांचे भीमराव होते. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर जरीची टोपी. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी महार म्हणून सांगताच त्याचा चेहरा उतरला. गाडीवाला दुप्पट भाड्याला कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, या अटीवर. बरोबर डबा होता, पाणी नव्हते. मध्यरात्री ते टोलनाक्यावर पोहोचले. मुलांनी नाकेदाराला आपण मुसलमान असल्याचे सांगितले आणि पाणी मागितले. नाकेदाराने ते दिले नाही. डबा तसाच राहिला आणि मुले गाडीत उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढे ही हकीगत स्वतः लिहून ठेवली. नाव लपवूनही पाणी मिळाले नाही, हे आपण नीट ध्यानात घ्या.

आणि 1934 साली? तेव्हा ते बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेला जाऊन आले होते. सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले म्हणून लोक धावून आले, हौद बाटवला म्हणून ओरडू लागले. हा त्याच निजामी मुलखातला प्रसंग, ज्याच्या कडेला कनेरगावचा नाका आहे.

मुंबईचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून मार्च 1928 मध्ये परतले. साडेचार वर्षे! परक्या माणसांच्या आसऱ्यावाचून असा प्रवास होत नसतो. पण पाहा, ते तरुण परदेशांत सायकली मारीत होते त्याच काळात, 20 मार्च 1927 रोजी, आपल्या माणसांना आपल्याच देशातल्या महाडच्या तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. माणूस दुनिया फिरून येऊ शकतो, आणि त्याच दुनियेत दुसऱ्या माणसाला गावच्या तळ्यापर्यंत जाता येत नाही. अंतर मैलांत मोजायचे की आणखी कशात, हे आपणच ठरवा.

आता आनंद भन्तेंची कथा आठवा. वाटेने जाताना त्यांना तहान लागली. विहिरीवर प्रकृती नावाची मुलगी पाणी भरीत होती. तिने सांगितले की मी चांडाळाची मुलगी आहे, माझे पाणी आपणाला कसे चालेल? आनंद म्हणाले की मी पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही. ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो आणि प्रत्येक वेळी आपण स्वतःला प्रकृतीच्या जागी पाहतो. ते स्वाभाविक आहे. परंतु त्या रात्री कनेरगावच्या ओसरीवर विहिरीवरची मुलगी आम्ही नव्हतो. तहानलेले वाटसरू आम्ही होतो आणि घडा त्या म्हातारीच्या हातात होता. तिने जात विचारली नाही. जात विचारली ती आम्ही, आमच्या मनात. ही कोण असेल, हिला कळले तर ही काय करील, याचा निवाडा आम्ही तिच्या तोंडावरून नजर फिरवताच करून टाकला. मैत्रीभावना म्हणजे समोरच्याला गोड बोलणे नव्हे. समोरचा माणूस चांगला वागू शकेल, एवढी संधी त्याला ठेवणे हाही तिचाच भाग आहे. मी ती संधी त्या म्हातारीला ठेवली नव्हती.

येथे एक कडू गोष्ट बोलतो, रागावू नका. आपल्या वस्तीत वाटसरू आला तर आपण काय विचारतो? दीक्षा घेतली, घरातले देव्हारे काढले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. परंतु दारात मातंग समाजाचा माणूस आला, वडार आला, कैकाडी आला, तर पाणी कोणत्या भांड्यातून जाते? काही घरांत मी दाराआड ठेवलेला वेगळा पेला पाहिला आहे. तो पेला विहिरीवरून, तळ्यावरून, हौदावरून चालत चालत आपल्या घरात आला आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, असे त्याच्या शिलालेखात आहे; माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. त्या विहिरींवर कोणासाठी वेगळा पोहरा होता, असे त्यात नाही. आपण ज्या दिवसाला अशोक विजयादशमी म्हणतो त्या दिवशी नागपूरच्या रस्त्याने आपली पोरे जातील, पायी, सायकलींवर, ट्रकांतून. त्यांना पाणी द्यायला आपण उभे राहतोच. त्याच रस्त्याने त्या दिवशी दुसरेही लोक जात असतात.

आता राहिलेले सांगतो. आम्ही दोघे म्हातारीच्या ओसरीवर परत आलो. मी नोट पुढे केली आणि सांगितले की माय, आम्ही शेगावला नाही, नागपूरला निघालो आहोत, बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीला. आम्ही बौद्ध आहोत. रात्री सांगितलेले नाव खोटे होते.

ती बराच वेळ बोलली नाही. तिचा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून काडीने दात घाशीत होता. त्याचा हात थांबला. मग ती म्हणाली, "मंग राती काऊन नाही सांगितलं?"

"भेव वाटलं, माय."

"कोनाचं? माहं?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तिने नोट घेतली, पदराच्या गाठीत बांधली आणि आत गेली. संपले, असे समजून आम्ही सायकली वळवल्या. तोच ती बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता. मी सवयीने ओंजळ पुढे केली. तिने वरून पाणी ओतले नाही. तांब्या माझ्या हातात दिला. मी प्यालो, मुलगा प्याला. आम्ही गेल्यावर तिने तो तांब्या राखेने घासला असेल, विस्तवावर धरला असेल, की तसाच फळीवर ठेवला असेल, ते पाहायला आम्ही थांबलो नाही.

निघताना तिने मागून हाक मारली, "पोचल्यावर एक कार्ड टाका. मले वाचता येत नाही, हा वाचून दाखवीन." आणि तिने मुलाकडे बोट केले. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने पत्ता सांगितला.

नागपूरला दीक्षाभूमीच्या गर्दीत बसून आम्ही ते पोस्टकार्ड लिहिले. सुखरूप पोहोचलो, चाक पुन्हा वाकडे झाले नाही, असा मजकूर होता. खाली उरलेल्या जागेत नऊही जणांनी बारीक अक्षरात आपापले पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट.