माझ्याकडे तर चालतंय

'माझ्याकडे तर चालतंय' हे आम्हा कोड लिहिणाऱ्यांचं लाडकं वाक्य. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण पुरेसं खरं असतं का? हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटतो.

अपाची स्पार्कचं उदाहरण घेऊ. २००९ साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेलं हे इंजिन प्रचंड डेटाचे तुकडे करून अनेक मशीनवर एकाच वेळी काम करून घेतं. लोकल मोडमध्ये ते एकट्या लॅपटॉपवरही चालतं. कोड तोच. समजा, एक काउंटर शून्यावर ठेवला आणि प्रत्येक तक्रारीमागे तो एकने वाढवायला सांगितलं. लॅपटॉपवर काम सांगणारा ड्रायव्हर आणि ते करणारा एक्झिक्युटर एकाच जेव्हीएममध्ये, एकाच मेमरीत राहतात. त्यामुळे आकडा कधीकधी बरोबर येतोही. क्लस्टरवर मात्र प्रत्येक एक्झिक्युटरकडे काउंटरची प्रत जाते. तो आपली प्रत इमानेइतबारे वाढवतो आणि ड्रायव्हरकडचा मूळ काउंटर शून्यावरच राहतो.

गंमत म्हणजे एरर येत नाही. प्रोग्राम सुखरूप संपतो आणि सांगतो, तक्रारी ०. हा आकडा ज्या साहेबांच्या टेबलावर जाईल, ते म्हणतील, सगळं आलबेल आहे. प्रोग्राम बंद पडला असता तर निदान कुणीतरी चौकशी केली असती.

मग क्लस्टरवर कोड बिघडला का? तो लॅपटॉपवरही तितकाच चुकीचा होता. तिथे सगळे एका घरात राहत होते म्हणून निभावून गेलं. घरात आपण अर्धं वाक्य बोललो तरी आईला कळतं, आणि आपल्याला वाटतं, आपण किती स्पष्ट बोलतो!

यावर स्पार्कमध्ये अ‍ॅक्युम्युलेटर आहे. प्रत्येकाने आपली बेरीज ड्रायव्हरकडे परत पाठवायची, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. म्हणजे जे गृहीत होतं, ते उघड सांगायचं.

लोकल मोड वाईट नाही. शिकायला, चाचणीला, छोट्या डेटाला तोच बरा. तिथे क्लस्टरवर पैसे कशाला घालवायचे? पण तिथलं उत्तर कुठवर खरं आहे, हे सांगायची जबाबदारी कोड लिहिणाऱ्याचीच. आपण काय गृहीत धरलंय, ते रिपोर्ट वाचणाऱ्याला दिसत नाही. आणि ज्याची तक्रार त्या शून्यात गेली, त्याला तर स्पार्क नावाचं काही असतं हेसुद्धा ठाऊक नसतं.