एकाचे खाते, साऱ्यांचे खाते

विल्यम सियानिस ग्रीसमधून अमेरिकेत आले. १९३४ साली त्यांनी शिकागोत एक छोटे हॉटेल विकत घेतले. तेच पुढे ‘बिली गोट टॅव्हर्न’ म्हणून प्रसिद्ध झाले. १९६४ साली ते मिशिगन अ‍ॅव्हेन्यूखालच्या रस्त्यावर हलले आणि जवळच्या वर्तमानपत्रांतील पत्रकारांचा अड्डा बनले. १९७० साली सियानिस वारले, तेव्हा शहर त्यांना आपलेच मानत होते.

त्याच अमेरिकेत १९०९ साली साउथ ओमाहात एका ग्रीक माणसावर पोलिसाच्या खुनाचा आरोप आला आणि जमावाने ग्रीकांची सारी वस्ती उद्ध्वस्त केली. गुन्ह्याचा आरोप एकावर, शिक्षा साऱ्यांना. चांगुलपणाचा हिशेब मात्र असा होत नाही. आवडत्या परक्याला आपण म्हणतो, ‘हा त्यांच्यातला असला तरी वेगळा आहे.’ त्याचे पुण्य त्याच्या एकट्याच्या खाती, दुसऱ्याचे पाप जमातीच्या खाती!

आम्हाला वाटते, हा हिशेब न्यायाचा नाही. ज्याच्या हातचे आपण आवडीने खातो त्याला आपला म्हणणे सोपे असते. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळत नाही, त्यालाही त्याच्या एकट्याच्या करणीने जोखणे, यात शेजारधर्माची खरी कसोटी आहे.