कळणे आणि वळणे यांच्यामधले अंतर

मुलाला एखादी गोष्ट कळते, विचारल्यावर ते ती नीट सांगूनही दाखवते आणि तरीही प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा ते तसे वागत नाही, या नित्याच्या अनुभवाचा अर्थ घरात आणि शाळेत फार काळ एकाच दिशेने लावला गेला: मूल हट्टी आहे, आळशी आहे, त्याला शिस्त नाही. ज्या मानसिक शक्तींना आज कार्यकारी क्षमता किंवा एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हटले जाते, म्हणजे मनात आलेली पहिली ऊर्मी आवरणे, हाती घेतलेल्या कामाचा धागा लक्षात धरून ठेवणे, परिस्थिती बदलली की विचाराची दिशाही बदलणे आणि या सर्वांच्या बळावर एखादे काम आखून तडीस नेणे, त्यांच्या अभ्यासाचे खरे महत्त्व असे की त्याने या अर्थाला धक्का दिला. कळणे आणि वळणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि त्यांच्यातले अंतर बालवयात स्वाभाविकच मोठे असते, ही जाणीव मात्र सरळ रेषेत आलेली नाही.

तिची सुरुवात मुलांपासून झालीच नाही. 1848 साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावर झालेल्या स्फोटात फिनियस गेज या तरुण मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली आणि मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे ललाटखंड, जबर जखमी होऊनही तो वाचला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी 1868 मध्ये लिहिलेल्या वृत्तांतात त्याची वाचा व स्मृती शाबूत असल्याचे, परंतु आखलेले बेत तो लगेच सोडून देत असल्याचे आणि स्वभावाचा तोल ढळल्याचे नोंदवले. बुद्धी असूनही वर्तनाचा लगाम सुटू शकतो, हे त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आले. या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो, पण तो अधिक बोलका आहे. गेजने पुढे चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले आणि ठरलेल्या वेळा, ठरलेला मार्ग व ठरलेली कामे यांनी आखलेल्या त्या दिनक्रमानेच त्याला सावरले असावे, असे काही इतिहासकारांना वाटते. आतली व्यवस्था कोलमडली असताना बाहेरची व्यवस्था आधार देऊ शकते, हा विचार त्या काळी कोणाच्या लक्षात आला नाही. मुलांच्या संदर्भात मात्र पुढे तोच कळीचा ठरला.

सोव्हिएत रशियातील लेव्ह व्यगोत्स्की (1896–1934) यांनी या प्रश्नाला वेगळीच दिशा दिली. स्वतःवर ताबा ठेवण्याची शक्ती मुलाच्या आत आधीपासून तयार नसते, ती प्रथम मूल आणि मोठी माणसे यांच्या व्यवहारात असते आणि नंतर हळूहळू मुलाची स्वतःची होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आई ‘थांब, आधी हे ठेव’ म्हणते, मग मूल खेळताना तेच शब्द स्वतःशी मोठ्याने पुटपुटते आणि कालांतराने ते बोलणे मूक होऊन विचारात विरघळते. त्यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी प्रयोगांतून दाखवले की दिवा लागल्यावरच हातातला रबरी फुगा दाबण्याची सूचना अगदी लहान मुलांना समजते, पण केवळ शब्दांच्या आधारे ती हाताला आवरू शकत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना लुरियांना असे रुग्णही भेटले, जे सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवत आणि तरीही ती अमलात आणू शकत नसत. मुलाची वाढती अवस्था आणि जखमी मेंदू या दोहोंची तुलना जपूनच करावी लागते, परंतु सूचना ठाऊक असणे म्हणजे ती पाळता येणे नव्हे, हे दोन्हीकडे सारखेच स्पष्ट झाले. याच परंपरेत 1948 साली झालेल्या मानुइलेंको यांच्या प्रयोगात मुलांना नुसते स्तब्ध उभे राहायला सांगितले असता ती जितका वेळ उभी राहिली, त्याहून कितीतरी अधिक वेळ ती खेळातले पहारेकरी बनून उभी राहिली.

‘कार्यकारी’ हे विशेषण रूढ झाले ते त्यानंतर. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये कार्यस्मृतीची, म्हणजे माहिती मनात धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली तीत एक मध्यवर्ती नियंत्रक कल्पिला होता. 2000 साली अकिरा मियाके व सहकाऱ्यांनी आवर घालणे, स्मृतीतील माहिती अद्ययावत ठेवणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळणे अशा तीन शक्ती परस्परसंबद्ध असूनही वेगळ्या असल्याचे दाखवले. ही त्रयी आता पालकांसाठीच्या पुस्तकांतही आढळते. पण तो अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि शालापूर्व वयात या शक्ती बऱ्याचदा इतक्या सुट्या दिसत नाहीत, हे विसरले जाते.

कळणे आणि वळणे यांतली दरी सर्वांत स्वच्छपणे दिसते ती फिलिप झेलाझो यांच्या पत्त्यांच्या प्रयोगात. तीन वर्षांचे मूल चित्रांचे पत्ते आधी रंगानुसार लावते. मग आकारानुसार लावायला सांगितले की नवा नियम विचारल्यावर ते अचूक सांगते, आणि हात मात्र जुन्याच नियमाने चालवते. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना हा बदल जमू लागतो. अशा मुलाला ‘किती वेळा सांगितलं तुला’ म्हणून रागावणे निष्फळ ठरते, कारण उणीव सांगण्यात नसतेच.

तरीही चारित्र्याची जुनी भाषा नव्या विज्ञानाच्या आडून परत आली. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड येथे समोरचा खाऊ लगेच न खाता थांबणाऱ्या मुलांचा जो अभ्यास केला, त्याचा लोकप्रिय अर्थ असा झाला की बालपणीचा संयमच पुढचे यश ठरवतो. 2013 मध्ये सेलेस्ट किड व सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या मुलांना प्रयोगापूर्वी मोठ्यांनी दिलेला शब्द पाळला गेला नाही, त्यांनी सरासरी सुमारे 3 मिनिटेच वाट पाहिली, तर ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती सुमारे 12 मिनिटे थांबली. 2018 मध्ये टायलर वॉट्स यांच्या गटाने 900 हून अधिक मुलांच्या माहितीची छाननी केली, तेव्हा कुटुंबाची परिस्थिती आणि मुलाची प्रारंभीची क्षमता हिशेबात घेताच थांबण्याचा व पुढील यशाचा संबंध बराच क्षीण झाला. ज्या घरात उद्याची शाश्वती नाही तेथे आजच खाऊन टाकणे हा शहाणपणाही असू शकतो; त्याला दुबळी इच्छाशक्ती म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

मदत कशी करावी याचा विचारही या वळणांनी बदलला. संगणकावरील स्मृतीच्या कवायतींनी मुले त्याच कवायतीत तरबेज होतात, पण तो लाभ वर्गातल्या गणिता-वाचनापर्यंत फारसा पोहोचत नाही, असे पुनरावलोकनांतून दिसले आहे. याउलट 1976 मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी मांडलेली आधाराची कल्पना, म्हणजे मुलाला एकट्याने न जमणारा भाग मोठ्याने तात्पुरता उचलावा आणि जमू लागताच सोडून द्यावा, अधिक उपयुक्त ठरली आहे. व्यगोत्स्कींच्या विचारावर आधारलेल्या ‘टूल्स ऑफ द माइंड’ या अभ्यासक्रमात जोडीने वाचणाऱ्या मुलांपैकी ऐकणाऱ्याच्या हातात कानाचे चित्र देतात, जेणेकरून आपली भूमिका त्याला डोळ्यांसमोर दिसत राहील. 2007 मध्ये ॲडेल डायमंड यांच्या अभ्यासात त्याचे चांगले परिणाम दिसले. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत, त्यामुळे कोणत्याही एका अभ्यासक्रमावर सारी भिस्त ठेवणे योग्य नाही. पण आठवण मुलाच्या डोक्यात कोंबण्याऐवजी ती कामाच्या जागी ठेवावी, हे त्यामागचे तत्त्व घरातही लागू पडते. चार सूचना एका दमात देण्याऐवजी एकेक देणे, दप्तरात भरायच्या वस्तूंची चित्रे दाराशी लावणे, ‘अर्धा तास’ म्हणण्यापेक्षा घड्याळाचा काटा कुठे येईल ते दाखवणे, हे लाड नव्हेत.

महाराष्ट्राला या विचाराची व्यवहारातली बाजू अपरिचित नाही. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत पाणी सांडू न देता ओतणे, वस्तू पुन्हा जागेवर ठेवणे अशा कामांना जे स्थान आहे, ते ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यात स्थानिक, स्वस्त साधनांनी रुजवले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. अंगणातले खेळ याच क्षमतांना व्यायाम देतात: ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र’ म्हणता म्हणता मध्येच ‘म्हैस भुर्र’ आले की उचलू पाहणारे बोट खालीच दाबून धरावे लागते आणि ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात आज्ञेपूर्वीचे दोन शब्द ऐकल्याशिवाय हलायचे नसते. या खेळांनी अभ्यासातले गुण वाढतात असा दावा करण्याचे कारण नाही. आवर घालण्याचा सराव मूल आनंदाने करते, एवढे पुरेसे आहे.

ज्यांना अवधानाचा त्रास आहे, म्हणजे ज्यांचे निदान एडीएचडी असे होते, त्या मुलांना हा आधार अधिक काळ व अधिक ठळकपणे लागतो आणि झोपेची उणीव, भूक किंवा घरातला तणाव यांमुळे कोणत्याही मुलाची ही शक्ती काही काळ खालावू शकते. ललाटखंडाचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, म्हणून दहावीतला मुलगा उंचीने वडिलांएवढा झाला तरी अभ्यासाचे वेळापत्रक त्याने एकट्याने आखून पाळावे ही अपेक्षा पुष्कळदा घाईची असते. त्याच्यासाठी वेळापत्रक करून भिंतीवर लावणे हा एक टोकाचा उपाय, त्याला वाऱ्यावर सोडणे हा दुसरा. त्यांच्या मध्ये त्याच्याजवळ बसून पुढच्या दोन दिवसांत काय करायचे, कुठे अडेल आणि अडल्यास काय करशील, हे विचारणारे आणि उत्तर त्यालाच लिहू देणारे पालक असतात, जे पुढच्या महिन्यात यातला एखादा प्रश्न विचारणे थांबवून पाहतात.