मुलांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१-१७



नाताळानंतरच्या रविवारी उपासना आटोपून आम्ही घरची सहा माणसे चांदबिबीच्या महालाकडे निघालो. अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी आमच्या घरात ते अद्याप 'नगर'च आहे. शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर हा डोंगर लागतो. माथ्यावर तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे. ती महाल नव्हे, मूर्तजा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. १५९५-९६ साली मोगलांशी नगरचा किल्ला लढविणाऱ्या चांदबिबीचे नाव तिला उगाच चिकटले आहे. लोकांनी एकदा नाव ठेवले की ते पुसणे अवघड असते.

वाहनाने बरेच वर जाता येते. परंतु चालत चढायचे आणि माथ्यावरून सूर्यास्त पाहायचा, हा हट्ट माझा. घड्याळाकडे पाहत मी पुढे सुटलो. पत्नी, मुलगी व भाचा मध्ये कोठेतरी होती. सत्तरी ओलांडलेली आई गुडघ्यांमुळे मागे पडली, आणि तिच्याबरोबर माझा धाकटा मुलगाही. हा मुलगा दहावीत दोनदा अनुत्तीर्ण झाला आहे. 'मागे राहणारा' हे नाव त्याला घरातच पडले, ठेवणारा मी. वळणावरून मी ओरडलो, "अरे, इथेही मागेच का?" सर्वांनी ऐकले. त्याने उत्तर दिले नाही.

माथ्यावर मी एकटाच पोहोचलो. खाली शहर पसरले होते. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने येथे कार्य आरंभिले, १८४२ साली येथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला, हे सारे मुलांना या ठिकाणी उभे राहून सांगायचे असे मी ठरविले होते. ऐकावयास जवळ कोणी नव्हते. सूर्य मावळला तो मी एकट्याने पाहिला. आणि खरे सांगतो, त्यात मला काही गोडी वाटली नाही.

मग मी खाली वळून पाहिले. आईचा हात मुलाच्या खांद्यावर होता. ती थांबे तेव्हा तो थांबे. वाटेतला सुटा दगड तो पायाने बाजूला सारी, मग तिला पाऊल टाकू देई. तो मागे होता, कारण आजी मागे होती. चालण्याच्या शर्यतीत तो आम्हा सर्वांना सहज हरवील, हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते.

याकोबाची गोष्ट आपण अनेकदा वाचतो. यब्बोकाचा उतार, रात्रभराची झोंबी, नवे नाव, एसावाची गळाभेट, यांवर प्रवचने पुष्कळ होतात. त्यापुढची ओळ मात्र आपण घाईने ओलांडतो. एसाव म्हणतो, चल, मी तुझ्यापुढे चालतो. त्याच्यासोबत चारशे पुरुष आहेत. त्यांची चाल ती फौजेची चाल. याकोब विनवितो की, मुले कोवळी आहेत, गुरेमेंढरे दूध पाजणारी आहेत, एक दिवस जरी दामटली तरी कळप मरेल. आपण पुढे व्हावे, मी मुलांच्या चालीने सावकाश येईन.

कोणी म्हणेल, ही तर सबब होती. असेलही. सेईरास येतो म्हणून सांगितलेला याकोब सुक्कोथाकडे वळला, हे शास्त्राने लपविलेले नाही. तरीपण त्याच्या तोंडून सबब म्हणून जे निघाले, ते त्याला पूर्वी सुचलेही नसते. जन्मताच भावाची टाच धरणारा, आयुष्यभर दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी धडपडलेला हा मनुष्य. आदल्या रात्री त्याने बायकामुलांना ओढ्यापलीकडे पाठविले आणि स्वतः अलीकडे राहिला. सकाळी मात्र तो त्यांच्या पुढे होऊन भावासमोर जातो. आणि धोका टळताच त्यांच्या चालीने चालू लागतो. मधल्या काळात काय घडले? देवाने त्याच्या जांघेला स्पर्श केला होता. तो लंगडत होता. ज्याची स्वतःची चाल मोडली, त्याला लेकरांची चाल दिसू लागली.

पुनरुत्थित प्रभूसुद्धा अम्माऊसच्या वाटेवर त्या दोघा खिन्न शिष्यांच्या पावलांनी चालला. त्यांना समजावयास किती वेळ लागला पाहा! त्याने त्यांच्या मतिमंदतेबद्दल त्यांना बोल लावला खरा. पण तो त्यांच्याबरोबर चालत असताना. वळणावर उभा राहून नव्हे.

मी खाली उतरलो. आईपाशी जाऊन तिचा दुसरा हात धरला. मुलाला म्हणालो, "मी ओरडलो ते चुकले." तो म्हणाला, "आजीला पाणी हवंय, बाटली तुमच्याजवळ आहे." बाटली माझ्याच पिशवीत होती, मी ती माथ्यापर्यंत नेऊन परत आणली होती.

त्या दिवशी आई माथ्यावर पोहोचलीच नाही. आम्ही सर्व तिच्याभोवती वाटेतच बसलो. पत्नीने नाताळच्या करंज्यांचा डबा उघडला. अंधार पडल्यावर उतरताना विजेरी मुलाच्या हाती दिली. तो पुढे होता. दर दहा पावलांनी तो थांबे, मागे वळे, आणि उजेड आजीच्या पायांवर धरी.